गाडी पास, बाई नापास

नगरच्या मुकुंदनगरात जरीनाभाभीचं घर कुणालाही विचारा, तो हात करून दाखवेल आणि वर हळूच सांगेल, जरा जपून बोला. तिचा राग सगळ्या गल्लीच्या ओळखीचा. नळाला पाणी आलं नाही, तर बाकीच्या बाया हंडे घेऊन एकमेकींशी कुरकुरायच्या. जरीना मात्र पाणी सोडणाऱ्याच्या दारात जाऊन बसायची आणि त्याच्या बायकोकडून चहा पिऊन, पाणी घेऊनच उठायची. दोन्ही मुली सासरी गेल्या तेव्हा नवरा खाजाभाई म्हणाला होता, "आता घर शांत होईल." जरीना म्हणाली, "का, मी बी चाललेय का कुठं?"

पण हीच बाई गाडीत बसली की वेगळी. कुणी आडवा आला, मागून हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या तरी तिचा हात हलायचा नाही. खाजाभाई म्हणायचा, हिचा सगळा राग गाडीच्या बाहेर राहतो, दार लावलं की आत येत नाही.

गाडी तिला त्यानंच शिकवली होती. तो स्वतः जुना ड्रायव्हर. आधी एका डॉक्टरांची गाडी चालवली, मग स्वतःची टुरिस्ट गाडी घेतली. पुढं शुगर झाली आणि ती डोळ्यांवर गेली. एकदा खर्ड्याहून भाडं सोडून येताना रस्त्यातला बैल त्याला दिसला तो अगदी बोनेटजवळ आल्यावर. घरी येऊन त्यानं किल्ली टीव्हीवर ठेवली आणि म्हणाला, गाडी विकून टाकू. जरीनानं किल्ली उचलली. "तुमाला दिसत न्हाई, मला दिसतं. तुमाला चालवता येती, मला येत न्हाई. दोघं मिळून एक ड्रायव्हर हुतो की."

मग खाजाभाई शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकत गिअर सांगायचा आणि ती टाकायची. गल्लीतली माणसं हसली. ती हसली म्हणून जरीना आणखी जिद्दीनं शिकली. टुरिस्टचं लायसन काढलं, बिल्ला काढला आणि लग्नाची भाडी घ्यायला लागली.

लग्नाच्या भाड्यात तिचं नाव झालं ते नवरीच्या आयांमुळं. पोरीच्या गाडीत चालवणारी बाई आहे म्हटल्यावर आईचा जीव थोडा खाली पडायचा. मागच्या सीटवर नवरी हुंदके देत असली की जरीना पाण्याची बाटली मागं करायची. "रडून घे पोरी. जामखेडला पोचेपर्यंत कुनी बघत न्हाई." नवरदेव बिचारा खिडकीतून बाहेर बघत बसायचा. लग्न झालेल्या कितीतरी पोरी पुढं पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायलाही तिचीच गाडी सांगायच्या.

पुढं दिवस बदलले. नवरदेवाला साधी गाडी चालेना. फोटोवाले म्हणायचे, गाडी चांगली नसेल तर फोटोत मजा येत नाही. हातातली भाडी जायला लागली, तेव्हा जरीना आणि खाजाभाई पुण्याच्या बाजूला जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले. तिथं ती उभी होती. जर्मन कंपनीची, आकारानं छोटी पण बघताक्षणी डोळ्यांत भरणारी, मोत्यासारखी पांढरी. एका हॉटेलात पाहुण्यांना आणायला-सोडायला होती, त्यामुळं पाटी आधीच पिवळी. पिवळी पाटी नवरदेवाच्या गाडीला शोभत नाही, पण झेंडूची माळ सोडली की झाकून जाते.

टाय लावलेल्या पोरानं एक गुळगुळीत कार्ड पुढं धरलं. गाडीचे जेवढे म्हणून भाग असतात तेवढ्यांची नावं त्यावर होती आणि प्रत्येकापुढं हिरवी खूण. शिवाय नगरजवळच्या तपासणी केंद्राचं ताजं पासिंग. भाड्याची गाडी जुनी झाली की दर वर्षी सरकारमान्य केंद्रात तपासून ती रस्त्यावर चालायला लायक आहे असा दाखला घ्यावा लागतो, तो हा.

खाजाभाईनं विचारलं, "गाडी वर घेऊन खालून दाखवशील का, बाळा?"

"चाचा, इतकी तपासणी झाल्यावर खाली काय राहतंय बघायचं?" पोरगा गोड हसला. "आमचं कार्ड आहे. सरकारचं पासिंग आहे. अजून काय पाहिजे?"

खाजाभाईनं मान डोलावली. डोळ्यांनी अधू माणूस, आपण अजून काय मागावं असं त्याला वाटलं. जरीनालाही त्या पोराचं बोलणं पटलं. दोन-दोन ठिकाणी तपासून दिलेली गाडी. आपण काय वेगळं बघणार?

माघ महिन्यात हिवरे बाजारच्या बन्सीच्या मुलीचं लग्न निघालं. बन्सी दुधाचा धंदा करणारा, सरळ माणूस. मुलगी दिशा. नवरदेव राम, पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावचा. लग्न नगरच्या कार्यालयात होतं. दुपारी पंगती उठल्या, नवरी निघाली. बन्सीनं गाडीच्या खिडकीपाशी येऊन जरीनाला हात जोडले. "भाभी, नीट न्या."

"माज्याच पोरी हायेत सगळ्या," जरीना म्हणाली.

करंजी घाट उतरायला लागली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मागं दिशा रामच्या खांद्याला टेकली होती. पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्या वळणाला पायाखालचं पेडल मऊ लागलं, चिखलात पाय घातल्यासारखं. तिसऱ्यांदा तिनं पाय दाबला आणि पेडल सरळ खाली जाऊन टेकलं. गाडी थांबली नाही.

समोर उसाचा ट्रॅक्टर चढत होता. डाव्या हाताला दरी.

"पोरांनो, धरून बसा," जरीना एवढंच म्हणाली. राम पुढं सगळ्यांना सांगायचा, की तिचा आवाज असा होता जसं काही ती पाण्याची बाटली मागं करतेय. तिनं गिअर खाली ओढला. इंजिन किंचाळलं. हँडब्रेकचं बटण दाबून धरलं. मागची चाकं थोडी अडखळली. ट्रॅक्टर जाऊ दिला आणि तो गेल्याबरोबर गाडी रस्ता ओलांडून उजवीकडं डोंगराला लावली. दगडाला दार घासत, ठिणग्या उडवत गाडी गेली आणि कडेच्या चरात तिचं एक चाक आदळलं. काच तडकली. मग सगळं थांबलं.

जरीनाचं कपाळ स्टिअरिंगवर आदळलं होतं. मागून दिशाचा आवाज आला, "मावशी, माझा हात." हिरवा चुडा फुटून तिच्या मनगटात रुतला होता आणि कोपरापासून हात भलत्याच बाजूला वळला होता.

मागून वऱ्हाडाची गाडी आली. माणसं धावली. नवरीला, नवरदेवाला बाहेर काढलं. आणि मग रामच्या चुलत्यानं जरीनाकडं बघितलं. ती कपाळाला पदर दाबून दगडावर बसली होती.

"बाईमानसाच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय व्हनार?" तो म्हणाला.

दिशाचा हात बघितल्यापासून जरीनाला बाकी काही ऐकूच येत नव्हतं.

पोलीस आले, पंचनामा झाला. जरीना सांगत होती, ब्रेक गेला साहेब, पेडल खाली गेलं. हवालदार गाडीचे कागद बघत होता. कागद बघून झाल्यावर तो म्हणाला, "गाडीला पासिंग हाय. ब्रेक चांगला असल्याचं लिहिलंय. गाडी चांगली, मंग चूक कुनाची? तुमीच सांगा." तिनं काही सांगायच्या आत तिच्यावर हयगयीनं गाडी चालवल्याचा गुन्हा लिहून झालासुद्धा.

काही दिवसांनी गाडी सुटली. क्रेनवाल्या गाडीवर घालून ती बिभीषणच्या गॅरेजला आणली. बिभीषण खाजाभाईच्या जुन्या गाडीचा मिस्त्री. असल्या गाड्यांचं काम आपल्याकडं होत नाही म्हणायचा, पण खाली वाकून बघायला त्याला कसला कॉम्प्युटर लागणार होता? गाडी वर घेतली. तो टॉर्च घेऊन खाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"भाभी, इकडं या," त्यानं हाक मारली.

मागच्या चाकाकडं जाणारी ब्रेकच्या तेलाची पाइप फुटली होती. फुटली होती म्हणजे, गंजून बिस्किटासारखी झाली होती. बिभीषणनं नखानं खरवडलं तशा खपल्या निघाल्या. गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली असणार, तो म्हणाला. पण खपल्यांच्या वर काळा रंग होता. नवा, चकचकीत.

"रंग?" जरीनानं विचारलं.

"गंजावर मारलाय. दिसू नये म्हनून."

मग त्यानं स्टिअरिंगचं झाकण काढलं. धडक बसली की तोंडापुढं उघडणारा एअरबॅगचा फुगा ज्या कप्प्यात घडी करून ठेवलेला असतो, तो रिकामा होता. झाकण नुसतं चिकटवलेलं.

जरीना त्या रिकाम्या कप्प्याकडं बघत उभी राहिली. पाइप गंजते, हे तिला समजत होतं. लोखंड आहे, गंजणारच. पण ज्यानं रंग मारला त्यानं आधी गंज पाहिला होता. तो माणूस गाडीखाली आडवा झाला होता, त्यानं ब्रश हातात घेतला होता, आणि हे कुणाच्या तरी जिवावर बेतणार हे त्याला ठाऊक होतं. या विचारानं तिच्या डोक्यात जे पेटलं, ते पुढं कित्येक दिवस विझलं नाही. ती जेवायला बसली की घास तसाच हातात राहायचा. खाजाभाई म्हणायचा, खा. ती म्हणायची, "त्यानं ब्रश धुतला असंल का हो नंतर? धुऊन, पुसून ठिवला असंल?"

ती आधी त्या शोरूमला गेली. टायवाला पोरगा नोकरी सोडून गेला होता. दुसऱ्या टायवाल्यानं कार्ड उलटं करून मागची बारीक अक्षरं दाखवली: तपासणी फक्त माहितीसाठी आहे. "आणि मॅडम, सरकारी पासिंग होतं ना गाडीला? ब्रेक खराब असता तर पास झाली असती का?"

मग ती तिसगावला गेली. दिशाला भेटायला जायला तिचे पाय धजत नव्हते, पण गेली. दिशा सोप्यात बसली होती, हात गळ्यात अडकवलेला. शस्त्रक्रिया झाली होती, सळई घातली होती. पोरीचं तोंड उतरलेलं होतं, पण ते हातामुळं नव्हे. सासू पाणी देऊन आत गेली तशी दिशा हळू आवाजात म्हणाली, "मावशी, इथं मला पांढऱ्या पायाची म्हनत्यात. घरात पाय ठेवायच्या आदीच अपघात झाला म्हनून. सत्यनारायन केला तवा मला लांब बसवलं."

जरीना उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. पिशवीतून कागदात गुंडाळलेला पाइपचा तुकडा काढून तिनं ओट्यावर ठेवला.

"आक्का, ह्यो बघा. पाय हिचा पांढरा न्हाई, पाइप गंजली हुती. तुमची सून देवाच्या दयेनं वाचली. तिला लांब कशापायी बसवता?"

सासूनं तुकड्याला हात लावला नाही. ती वाईट बाई नव्हती. घाबरलेली होती, आणि भीतीला काहीतरी नाव द्यावं लागतं, तसं तिनं दिलं होतं. ती म्हणाली, "पाइप गंजली असती तर सरकारनं गाडी पास केली असती का, बाई?"

परतीच्या एसटीत जरीना खिडकीच्या गजाला धरून बसली. हवालदारानं तेच म्हटलं, शोरूमवाल्यानं तेच म्हटलं, आता ह्या बाईनंही तेच. तिचं तोंड, बिभीषणचं तोंड, दिशाचा हात, पाइपचा तुकडा, सगळं खोटं. तो एक कागद तेवढा खरा. मग तिच्या मनात आलं, की कागदच लागतो ना? कागदच आणू. गाडी आहे तशी केंद्रात नेऊ. ते तपासतील, नापास करतील, ब्रेक खराब म्हणून लिहून देतील. तेवढं लिहून मिळालं की हवालदाराच्या आणि तिसगावच्या बाईच्या पुढं ठेवू. योगायोगानं वर्षाचं पासिंग संपतच आलं होतं.

बिभीषणला तिनं गाडीला हात लावू दिला नाही. दार चेपलेलं, एक दिवा फुटलेला, काच तडकलेली, पाइप फुटलेली. तशीच ती क्रेनवाल्या गाडीवर चढवली आणि पुणे रस्त्याला, आधीचा दाखला दिलेल्या त्याच तपासणी केंद्रापाशी नेली. शेजारी खाजाभाई बसला होता. सकाळचं ऊन होतं. फाटकाबाहेर टेम्पो, रिक्षा, शाळेच्या गाड्या अशी रांग लागलेली.

खिडकीतला माणूस कागद न बघताच म्हणाला, "सहादेवला भेटा." सहादेव म्हणजे एजंट. चहाच्या टपरीजवळ खुर्ची टाकून बसलेला, हसतमुख, कपाळाला अष्टगंध.

"ताई, पास करून पाहिजे ना?"

"तपासून पाहिजे."

"तेच ते," सहादेव म्हणाला.

"गाडी खाली उतरवते."

"कशाला उतरवताय? उगं ताप. वरच राहू द्या." त्यानं मोबाईल काढला, पुढून एक फोटो घेतला, जी बाजू चेपली नव्हती त्या बाजूनं एक घेतला, कागद उचलले आणि आत गेला.

जरीनानं खाजाभाईकडं बघितलं. त्याला अंधुक दिसत होतं, पण ऐकू सगळं आलं होतं. "बोलू नको," तो म्हणाला. "बघ काय करतो."

त्यांचा चहा संपायच्या आत सहादेव परत आला. हातात दाखला. गाडी पास. ब्रेक पास, दिवे पास, काच पास. ब्रेक किती जोरानं लागतो त्याचे आकडेसुद्धा छापलेले. कुठल्या गाडीचे होते ते, देव जाणे. जरीनाची गाडी अजून क्रेनवाल्या गाडीच्या पाठीवर साखळीनं बांधलेली होती. तिचं चाक जमिनीला लागलंच नव्हतं.

जरीना नापास व्हायला आली होती. हात जोडून, विनवण्या करून नापास करून घ्यायचं, असं ठरवून आली होती. तेवढंसुद्धा तिला कुणी देत नव्हतं.

ती फाटकातून आत गेली. एकानं अडवलं, तिनं त्याला बाजूला केलं. केंद्राचे प्रमुख आप्पासाहेब, शिकलेले इंजिनिअर, थंडगार खोलीत बसले होते. तिनं दाखला त्यांच्या टेबलावर ठेवला.

"ही सही तुमची का?"

"हो. काय अडचण आहे?"

"गाडी तपासली तुमी?"

"तपासल्याशिवाय सही होत नाही, बाई."

"कुठं उबी हाय ती आत्ता?"

आप्पासाहेबांनी वर बघितलं. "असेल आत लायनीत. नाहीतर गेली असेल बाहेर."

"चला, दाखवते."

त्यांना यायचं नव्हतं, पण तिचा आवाज आता रांगेपर्यंत पोचला होता आणि बाहेरची माणसं दारात जमायला लागली होती. ते बाहेर आले. क्रेनवाल्या गाडीवर साखळीनं बांधलेली, एका बाजूनं चेपलेली पांढरी गाडी त्यांनी बघितली. नंबर बघितला. मग हातातला दाखला बघितला. त्यांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी सहादेवला शोधायला मान वळवली.

"त्याच्याकडं नका बघू," जरीना म्हणाली. "सही त्याची न्हाई." तिनं क्रेनवाल्याला हात केला. "उतरव रे गाडी."

साखळी सैल होत गेली, गाडी हळूहळू सपाट जमिनीवर आली. जरीनानं दार उघडलं. चेपलेलं दार करकरलं.

"बसा, साहेब. किल्ली आत हाय. फार लांब न्हाई, सुप्यापातुर जाऊन या."

"मी काही ड्रायव्हर नाही."

"मग मागं बसा. सहादेव चालवंल." सहादेव टपरीमागं सरकला. "बसा की. त्या सीटवर मी नवरी बसवली हुती. अंगाला हळद हुती तिच्या. तुमच्या सहीवर बसवली मी तिला. तुमची सही बगून मला वाटलं, शिकलेल्या मानसानं बगितलंय, आपुन काय बगायचं. तिचा हात मोडला. मला आरोपी केलं. ती पोरगी सासरी पांढऱ्या पायाची झाली. आन तुमी आज पुन्यांदा तीच सही केली, गाडीकडं मान वर करून न बगता. आता बसा. तुमचा कागद खरा हाय ना? मग भ्यायचं कशाला?"

आप्पासाहेब म्हणाले, "हे बघा, यात तांत्रिक चूक झालेली असू शकते. आपण आत बसून बोलू."

"आत न्हाई. गाडीत बसून बोलू."

ते बसले नाहीत. उघड्या दारापासून ते एक पाऊल मागं सरले आणि ते सगळ्यांनी पाहिलं. रांगेतली माणसं एव्हाना गोल करून उभी होती. कितीतरी मोबाईल वर झाले होते. कुणी हसत नव्हतं. त्यांच्यातला एक, शाळेची बस चालवणारा पोक्त माणूस, पुढं आला. त्याचा आवाज मवाळ होता.

"सायेब, माजी बस मागल्या आठवड्यात इथंच पास झाली. तिच्याखाली कुनी गेल्तं का?"

आप्पासाहेबांनी आपल्या खोलीच्या दाराकडं बघितलं. बसवाला शांतपणे गेला, आपली बस आणून फाटकात आडवी लावली आणि खाली उतरून तिच्या सावलीत बसला. त्याच्यामागं टेम्पोवाल्यानं टेम्पो लावला. रिक्षा लागल्या. आता तपासा, ते म्हणत होते. आमच्यासमोर तपासा. खाली जाऊन तपासा.

दुपारपर्यंत परिवहन खात्याचे अधिकारी आले, पोलीस आले, पेपरवाले आले. अधिकाऱ्यांनी जरीनाची गाडी तिथंच वर घेतली. पाइप बघितली, रंग बघितला, रिकामा कप्पा बघितला, आणि सगळ्यांच्या देखत पंचनामा केला. ज्यासाठी ती आली होती तो कागद तिला शेवटी मिळाला. तो मिळायला एवढं सगळं करावं लागलं, याचाच तिला पुन्हा संताप आला. कागद घेताना तिनं आभार मानले नाहीत.

पुढं काय झालं ते सांगायला हवं. केंद्राला सील लागलं आणि काही महिन्यांनी निघालं. आप्पासाहेब हे केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्याच दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात गेले. सहादेव आता कुठल्यातरी दुसऱ्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसतो, असं लोक सांगतात. दिशानं आणि रामनं पोलिसांत जाऊन जबाब दिला, मावशींनी वाचवलं म्हणून. जरीनावरचा गुन्हा काढून टाकावा असा अहवाल पोलिसांनी कोर्टात दिला. शोरूमवर बन्सी आणि जरीनानं मिळून केस टाकली आहे. तारखेला दोघं एकत्रच जातात. शोरूमचा वकील दर वेळी तीच बारीक अक्षरं वाचून दाखवतो आणि जरीना दर वेळी उभी राहून बोलायला लागते. मग बन्सी तिला खाली बसवतो.

तिसगावला रामनं पेपरातली बातमी आईला मोठ्यानं वाचून दाखवली. पंचमीच्या सणाला म्हातारीनं दिशाला आपल्या शेजारी बसवलं. दिशाचा हात मात्र पूर्ण सरळ होत नाही. म्हशीची धार काढताना कळ येते.

राहिली ती गाडी. खरं वाटणार नाही, पण तिला गिऱ्हाइकं यायला लागली. एक दलाल तर घरापर्यंत आला.

"भाभी, बॉडीचं काम करून घेऊ. कंपनीचं नाव आहे. लगेच जाईल."

"तिचा ब्रेक कसा गेला, म्हाईत हाय ना तुला?"

"ते काय, पाइप टाकली की झालं. रंगबिंग मारून देऊ."

खाजाभाईनं तेवढ्यात दलालाचा दंड धरून त्याला दाराबाहेर नेलं, म्हणून बरं झालं.

पाइपचा तुकडा आणि पंचनामा केसच्या कागदांबरोबर कोर्टात जमा झालेच होते. दुसऱ्याच दिवशी जरीना क्रेनवाल्याकरवी गाडी भंगारच्या आवारात घेऊन गेली. उन्हात उभी राहिली. गॅसकटरवाला म्हणाला, बाई, दारं विका, सीटा विका, इंजिन विका, अशी सगळी कापायला कुणी आणत नाही. ती म्हणाली, "दारं-सीटा तू ठिव. खालचं काय बी भायेर जाता कामा न्हाई. माज्यासमोर काप." ज्योत लागली, पांढरा रंग काळा पडत फुगत गेला. खाजाभाईला काही नीट दिसत नव्हतं. तो पत्र्याच्या शेडखाली बसून आवाज ऐकत होता. गाडीचे दोन तुकडे होईपर्यंत ती हलली नाही.

मग ती त्याच्याजवळ आली. त्यानं काठी शोधत विचारलं, "गेला का राग?"

"न्हाई," जरीना म्हणाली.

"बरं," खाजाभाई उठला. "चल, घरी जाऊ."